खाडीकडची बाजू

पंढरीचा मला राग यायचा. मी पस्तीस वर्षं नेरूळमध्ये भूमिती शिकवली आणि सारसोळ्याचा हा सातवी नापास वेल्डर जागेवरचं एकच माप घेऊन अख्खी कैची, म्हणजे छताचा लोखंडी त्रिकोण, बिनचूक कापायचा. आधी सळईचा वीतभर नमुना वाकवायचा. कोन नमुन्याचे, एक बाजू जागेवरची, बाकीच्या दोन हिशोबाने. "कोन जुलले का बाजू आपसूक जुलतान, मास्तर," म्हणायचा आणि वर डोळा मारायचा.

वर्षभरापासून मात्र त्याची मुलगी जागृती धास्तावली होती. वर्कशॉप तीच बघते. बाबा एकच गोष्ट दोनदा विचारतात, म्हणायची. वय झालं की होतंच असं, म्हणून मीच तिला गप्प केलं होतं.

मग जेट्टीवर जाळी शिवायला शेड बांधायचं काम आलं. नमुना चार, सहा आणि आठ इंचांचा. वारा खाडीकडून मारतो, म्हणून तिकडचा उतार उभा आणि आखूड, चार इंचांचा. जागेवर तो बारा फूट, म्हणजे पाया चोवीस फूट हवा. पंढरीची पहिली कैची चढवायला घेतली, तर ती पलीकडच्या खांबाच्या आठ फूट अलीकडेच संपली. माणसं हसली. मीही हसलो, त्याची आता लाज वाटते.

संध्याकाळी जागृतीने मला वर्कशॉपवर बोलावलं. मी कोन तपासले. तिन्ही जुळत होते, त्रिकोण समरूपच होता. चुकली होती संगत बाजू. बारा फुटांची जोडी त्याने चारऐवजी सहा इंचांशी लावली होती.

"एवढंच ना," मी म्हणालो. "माझी पोरं परीक्षेत हेच करायची." मला खरंच हायसं वाटलं.

जागृतीला वाटलं नसावं. तिने नमुना बापाच्या हातात दिला. "बाबा, यातली खाडीकडची बाजू कंची?"

पंढरीने नमुना फिरवून पाहिला. आखूड बाजूवर बोट ठेवलं, उचललं, लांब बाजूवर ठेवलं. मग तो दारात गेला. तिथून खाडी दोनशे पावलांवर आहे. तो उजवीकडे बघत राहिला, मग डावीकडे.

"जागे," तो हळूच म्हणाला, "खाडी कंच्या अंगाला हाय गं?"