चुंबकात तिरकी मान

मशीनच्या बोगद्यात मध्येच मान वळवून धाकट्याने ताईची सगळी मेहनत मातीत घातली. पडद्यावर त्याचा मेंदू पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा पसरला.

मेंदूची चित्रं काढणारं हे मशीन ताई चालवते. आत भलंमोठं चुंबक, म्हणून दारातच ती प्रत्येकाचे खिसे रिकामे करून घेते. सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की घरी पाहुणा आला तरी तिची नजर आधी खिशावर जाते, मग चेहऱ्यावर. कौतुक करणं तिच्या रक्तातच नाही. धाकटा सोफे बनवतो; त्याच्या पहिल्या सोफ्यावर बसून ती एवढंच म्हणाली होती, "मोडला नाही." तेवढ्यावर गडी महिनाभर हवेत होता.

आणि याच ताईने परवा जेवताना, सगळ्यांदेखत, नवऱ्याचं कौतुक करावं? "ह्यांच्यासारखं निपचित कोणी पडत नाही." दाजी चक्क लाजले. धाकट्याने ताट बाजूला सारलं. नव्या अभ्यासासाठी ताईला एक माणूस हवा होता. दर रविवारी मशीनमध्ये पडायचं, एरवी दिवसभर तिच्यासोबत गप्पा. लहानपणी ताईचे रविवार धाकट्याचे असायचे. लग्न झालं आणि दाजींनी ते बिनबोभाट बळकावले.

म्हणून आज चाचणीला दोघंही हजर होते. धाकट्याची पहिली फेरी झाली, मग दाजींची. पडद्यावर दोघांची चित्रं शेजारी शेजारी आली. दाजींच्या मेंदूतला एक जाड पट्टा चांगला उजळ, धाकट्याचा तोच पट्टा काळवंडलेला. हा माणूस इथेही वरचढ? तेवढ्यात त्याला आठवलं, दाजी आत पडले होते ते मान तिरकी करून. दुसऱ्या फेरीत, चित्र निम्मं झालं असताना, त्यानेही हळूच मान तिरकी केली.

"अरे, मेंदूच्या पांढऱ्या भागात तंतूंच्या जुड्या असतात," ताई त्याला बाहेर काढत म्हणाली. "प्रत्येक तंतूवर चरबीचं वेष्टण. जुडी चुंबकाच्या दिशेने असली की उजळ दिसते, आडवी आली की काळपट. तू मखमल शिवतोस ना? फिरवली की रंग वेगळा दिसतो. कापड बदलतं का?"

"म्हणजे दाजींचा मेंदू माझ्याहून भारी नाही?"

"नाही रे, तुझ्यासारखाच आहे. त्यांची मान मीच सुरुवातीला उशी लावून तिरकी केली होती. तू आपला मध्येच हललास."

धाकट्याला क्षणभर गार वाटलं. तोच दाजी त्याचे बूट हातात घेऊन आले. "होतं रे असं पहिल्यांदा," ते मायेने म्हणाले. वर हा समजूतदारपणा! धाकट्याने बूट हिसकावून घेतले आणि ताईकडे वळला.

"मग रविवारी कोण येणार?"

"जो गप्प पडून राहतो, तो."