पाण्याकडेचे वीस गुंठे

आमच्या यांचं गाव माण तालुक्यातलं. लग्नाच्या पत्रिकेवर ‘टँकरची सोय केली आहे’ असं छापलं तर चार माणसं जास्त येतील, असं ते गाव. हा विनोद त्यांचाच होता. मी केला की मात्र त्यांना राग यायचा.

त्यांच्या घरात मेंढरं होती, जमीन नव्हती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून सगळे कृष्णाकाठाला यायचे. बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढच्या रानात जायचं. पाऊस लागला की परत माणला. आमचे आजोबाही मेंढरंवालेच, पण त्यांनी वेळीच वाळवा तालुक्यात नदीकाठी रान घेतलं आणि पाय रोवले. म्हणून माझं बालपण उसाच्या सावलीत गेलं आणि यांचं लोकांच्या बांधावर. पुढं ते मिलिटरीत गेले, सुटून आल्यावर साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मूलबाळ झालं नाही. साताऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि एकमेकांना बोलत, टोचत दिवस काढले.

मी रिटायर झाले तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाले, पाण्याकडेला थोडी जागा घेऊ. पत्र्याच्या का होईना दोन खोल्या, पुढं ओटा, आणि ओट्यावर बसलं की पाणी दिसलं पाहिजे. मी म्हणाले, बाथरूममध्ये बादली भरून ठेवते, दार उघडं टाकून बसा. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी परत तोच विषय काढला, तेव्हा कळलं की माणूस मनापासून बोलतोय.

तेवढ्यात त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं, आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. दिवसाला तीन पेले, चहा-आमटी धरून. हे म्हणाले, ल्हानपणी टँकरवाला मोजून द्यायचा, आता डॉक्टर देतोय, आपलं नशीब लय हिशोबी हाय. मला त्या वेळी हसू आलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी तोंडात पदर कोंबून रडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदयही थकलंय, फार लांबचं ठरवू नका. त्या दिवसापासून मी जागा शोधायला लागले. माझ्या हातून त्यांच्यासाठी करण्यासारखं तेवढंच एक उरलं होतं.

रीतसर बिगरशेती केलेले प्लॉट बघितले. त्यांना नावं मोठी होती, कमानी मोठ्या होत्या, आणि आमच्या पेन्शनला ते झेपणारे नव्हते. शेवटी उरमोडी धरणाच्या पाण्याकडेला एका म्हाताऱ्याची जमीन मिळाली. तोही सुटून आलेला फौजी. उताराची, दगडगोट्यांची, वीस गुंठे. कडेला एक उंबर होता. पुण्याची माणसं आली की रस्ता विचारतात, रेंज विचारतात. यांनी विचारलं, उन्हाळ्यात पाणी किती मागं सरतं? म्हातारा म्हणाला, त्या काळ्या खडकापातूर, त्याच्या खाली आजून गेलेलं मी बघितलं न्हाई. हे खाली बसले. दगडावर हात टेकून कितीतरी वेळ पाण्याकडं बघत राहिले. उठताना त्यांना धरावं लागलं, पण तोंडावर जे काही होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. इसार द्यायचं तिथंच ठरलं.

कागद करणाऱ्याकडं गेलो तर तो म्हणाला, शेतजमीन आहे, घेणारा शेतकरी पाहिजे. दोघांपैकी कुणाचा तरी सातबारा आणा. यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या सात पिढ्यांत सातबारा नव्हता. मी ठसक्यात म्हणाले, माझा आहे की, वडिलांच्या मागं आम्हा सगळ्या भावंडांची नावं लागलीत. आणि बोलता बोलताच मला आठवलं. सव्वा महिन्यापूर्वीच मी हक्कसोडीवर सही करून आले होते.

ते सांगायलाच पाहिजे. वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा भावाबरोबर आम्हा दोघी बहिणींचीही नावं सातबाऱ्यावर चढली. आमच्याकडं रीत अशी की बहिणींनी भावाला हक्क सोडून द्यायचा. भाऊ साडी-चोळी करतो, दिवाळीला न्यायला येतो, आणि माहेर चालू राहतं. वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर नसतं, असं आमची आई सांगायची. मी थोरली, मास्तरीण, मी लगेच हो म्हणाले. धाकटी मात्र अडली. तिला जत भागात दिलेली, घरची परिस्थिती बेताची. रजिस्टर ऑफिसच्या व्हरांड्यात ती हळूच म्हणाली, ‘आक्का, ऱ्हाऊ दे की नाव. नाव काय भाकरी मागतंय व्हय?’ मी तिला तिथंच झापली. साक्षीदार, वकील, भाऊ, भावजय सगळे उभे होते. चतकोर रानासाठी हावऱ्यासारखी करू नकोस, माहेरची वाट बंद करून घ्यायची असली तर घे मागून, असं म्हणाले. ती रडत रडत सही करून गेली. नंतर भावानं आम्हाला साड्या दिल्या. माझी पोपटी होती. एसटीत बसून सातारला येताना मला वाटत होतं, थोरलेपण असं निभवावं.

म्हणजे ज्या कागदावर माझ्या माणसाला जागा मिळणार होती, तो कागद मीच मोठ्या मनानं देऊन आले होते. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर त्याला हळदकुंकू वाहिलं.

साताऱ्यातल्या वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सरकारकडं परवानगीचा अर्ज. अर्ज करता येतो, पण उत्तर कधी येईल ते आजाऱ्याच्या तब्येतीकडं बघून ठरत नाही. दुसरी, तलाठ्याकडं हक्कसोडीची नोंद अजून मंजूर झालेली नव्हती, तेवढ्यात भावानं राजीखुशीनं रद्दपत्र लिहून दिलं तर माझं नाव राहील. कागदाला वाट हाय बाई, भावाला हाय का बघा, असं म्हणून त्यांनी फी सुद्धा घेतली नाही.

यांना शेजारणीच्या हवाली करून मी माहेरी गेले. भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर खेळवलेला. त्याला सगळं सांगितलं. एकही गुंठा नको, नुसतं नाव राहू दे, दाजींचं काम झालं की परत सही करून देते, असंही म्हणाले. त्यानं मान खाली घातली. भावजय पोह्यांची ताटली ठेवून आत गेली ती बाहेर आली नाही. मग तो म्हणाला, ‘आक्का, तुला न्हाई म्हणाय माझी जीभ वळत न्हाई. पण तुझं रद्द केलं तर धाकटीचंबी कराय लागंल. तिच्या घरातली लगीच वाटणी मागत्याली. तिला इचार. मला काय नको म्हणून तिनं लिहून दिलं, तर मी उद्याच्या उद्या सहीला येतो.’

त्यात त्याचं काही चुकलं, असं मला आजही म्हणता येत नाही. पण तेव्हा मी भडकले. पोहे तसेच टाकून उठले, आणि कडेवर घेतल्याचे पांग चांगले फेडलेस असं काहीबाही बोलून एसटी धरली. वाटेत कराड आलं, गेलं, मला काही दिसलं नाही. खरा राग भावाचा नव्हता. ज्या बहिणीला मी चारचौघांत हावरी म्हणाले, तिलाच आता फोन करून म्हणायचं होतं की बाई, तू सोडलेलं सोडलेलंच राहू दे, माझं तेवढं परत घेऊ दे. कुठल्या तोंडानं म्हणायचं?

यांना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, मग लाव की धाकटीला फोन. मी म्हणाले, बघू. चार दिवसांनी परत म्हणाले, मी लावू का? त्यावर मी जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. ‘माझ्या बहिणीपुढं तुम्ही पदर पसरायचा नाही. आणि मीही पसरणार नाही.’ ते बरं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. परत त्यांनी तो विषय काढला नाही. मला मनातल्या मनात वाटायचं, दिवाळीला धाकटी भेटेलच, तेव्हा समोरासमोर सोपं जाईल. शिकलेली बाई मी, पोरांना वेळेचं महत्त्व शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं.

जमिनीचा मालक भला माणूस. म्हणाला, कागद होईल तवा होईल, तुमी कवाबी या, बसा, जागा तुमचीच समजा. मी रिक्षा ठरवून यांना दोनदा नेलं. धरण भरलं होतं, पाणी उंबराच्या बऱ्याच जवळ आलं होतं. पहिल्या वेळी ते तासभर बसले. दुसऱ्या वेळी म्हातारा खुर्ची घेऊन आला, चहा घेऊन आला, चार गोष्टी बोलून गेला. तिसऱ्या वेळी मी रिक्षावाल्याला फोन करायला लागले तर हे म्हणाले, ‘नको. लोकांच्या रानात बसायचं तेवढं बसून झालंय गं आमच्या घराण्याचं.’ मी म्हणाले, अहो, तो आनंदानं बसू देतोय. तर म्हणाले, सगळीच आनंदानं बसू देत्यात, उठायचं कवा ते बी त्यांनाच ठाऊक असतं.

नवरात्रातल्या एका मंगळवारी डायलिसिसहून आले, थोडा भात खाल्ला, दमलोय म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले. मी भाजी निवडत शेजारीच होते. काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही. भाजी संपवून मी हाक मारली तेव्हा ते गेलेले होते. पेल्यातलं मोजलेलं पाणी अर्धं उरलं होतं.

भाऊ आला, त्यानं सगळं पुढं होऊन केलं. माझ्या पायाशी बसून रडला. त्याच्यावरचा माझा राग तेव्हाच गेला. धाकटीला पहिल्या दिवशी पोचता आलं नाही. ती तेराव्याला आली, दोन एसट्या बदलून, सोबत ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन. पाहुणे पांगले, भाऊ-भावजय निघाले. ती म्हणाली, मी चार दिवस ऱ्हाते. दुपारी दोघीच होतो. भांडी विसळता विसळता तिनं विचारलं की दाजी कसली जागा घेणार होते, वैनी काहीतरी बोलली. मी सांगितलं. उंबर, खडक, सातबारा, भावाचं म्हणणं, सगळं. तिचा हात थांबला. नळ चालूच होता, तो मी बंद केला.

ती म्हणाली, ‘आक्का, त्या दिवशी मी रानासाठी रडले असं वाटलं व्हय तुला? तू समद्यांच्या म्होरं मला हावरी म्हणालीस, म्हणून रडले. रान काय, ते गेलंच हुतं. दाजींसाठी मी उभ्या उभ्या लिहून दिलं असतं. एक फोन करायचास.’

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला भांडता आलं असतं. मी खाली बसले आणि ओरडून रडले, यांच्या तेरा दिवसांत रडले नव्हते तशी. तिनं ओले हात पदराला पुसले आणि मला धरलं. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं विषयच बदलला, म्हणाली संध्याकाळला पिठलं टाकू का.

आता ती वर्षातून दोनदा येते, आठ आठ दिवस राहते. शेजारपाजारच्या बायका कधी विचारतात, तुम्ही त्या पाण्याकडं जागा घेणार होता ना, काय झालं हो? मी सांगते, काय करणार, कायद्यात अडकलं. धाकटी जवळच बसलेली असते. तिला सगळं ठाऊक आहे. ती मान डोलावते आणि म्हणते, ‘व्हय की, लय किचकट असतंय त्ये.’