दोन धारांच्या मधे

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात मी दर रविवारी अकोले तालुक्यातल्या एका डोंगराच्या धारेवर चालायला जायचो. एका दिवसात धारेपलीकडचं गाव गाठून परत यायचं, एवढाच हट्ट होता. पण दिवस लहान, त्यामुळे अर्ध्यातूनच परतावं लागायचं.

पायथ्याच्या घरासमोर एक बाई भेटायच्या. डोक्याला घट्ट फडकं, हातात दुधाची किटली. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्यांदा मी म्हणालो, "धारेला निघालोय."

त्या हसल्या. "माजी तर काढून झाली की."

कुठवर जाणार ते सांगितल्यावर त्यांनी किटली खाली ठेवली. "त्ये माजं म्हायेर. लई सालं झाली जाऊन. सकाळची धार आन सांजची धार, त्यांच्या मधी ही धार मावत न्हाई."

मग दर रविवारी मी उतरलो की विचारायच्या, "आज कुठवर?" माझं ऐकून मान हलवायच्या, "अजून लई हाय."

जानेवारीत एकदाचा पोचलो. तिथल्या देवळाच्या पाराला हात लावून तसाच मागे फिरलो. अंधार पडता पडता खाली आलो, तेव्हा त्या गोठ्यात गाईजवळ बसल्या होत्या.

"पोचलो," मी म्हणालो.

चरवीतला धारेचा आवाज थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, बुटांकडे पाहिलं.

"ही माती तिकडची व्हय?"

वाटेत बरीचशी झडली असणार, तरी मी हो म्हणालो.

"मंग हितंच झटका," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गाईकडे वळल्या.