कात्रीला बाईचा हात

इकडे ये पोरी, जवळ बस. अशी कशी गं तू? तुझ्या अंगणातल्या द्राक्षाच्या वेलाला रोज पाणी घालतेस आणि छाटणीला मात्र नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघतेस. कात्री काय चावते तुला?

तुझी आई परकरात होती तेव्हाचं सांगते. धरणगावाजवळ आमच्या मळ्यात बठ्ठा, सगळाच कापूस, विहिरीशी तेवढा एक द्राक्षाचा वेल. शिंदखेड्याकडून, माहेराहून, काडी आणून मीच लावलेला. चैत्रात काड्या अगदी आखूड खरडायच्या, दसऱ्यानंतर नुसता शेंडा छाटायचा, हे आईनं शिकवलेलं. काडीवर फुगीर डोळे असतात ना, पुढचे घड त्यांतूनच येतात.

त्या दसऱ्याला मी कात्री घेतली, तर सासूबाईंनी ती काढून घेतली. "बाईना हात लागना की येल वांझ ऱ्हास." बाईचा हात लागला की वेल वांझ राहतो म्हणे. आणि दिली कुणाला, तर माझ्या दिराला. तो यावलला केळीच्या बागेत राबून आलेला. घड उतरला की केळीचं खोड बुडाशी तोडायचं, एवढंच त्याला ठाऊक.

डोळे तुटू नयेत म्हणून मी म्हटलं, "भाऊ, हाई केळ नही शे. डोया राखा."

तो हसला. "वहिनी, तू भाकर टाक. मना डोया तुनी भाकरवर शे."

आणि सगळ्या काड्या बोटभर ठेवून खरडल्या. तोडलेल्या काड्या वेचायला मात्र मला हाक मारली.

पुढं पानं आली हाताएवढी, घड एकही नाही. सासूबाई शेजारणीला सांगतात, "काड्या हिनीच वेच्यात. लागना ना हात." मी चुलीपुढं, सगळं ऐकत होते. अजून आठवलं की डोकं तडकतं.

पुढच्या दसऱ्याला घरचे बाजाराला गेले, तेव्हा मीच छाटला, भर दिवसा. होळीपर्यंत वेल घडांनी वाकला. तर दीर ओट्यावर बसून पाहुण्यांना म्हणतो, "मागला सालनी मनी छाटणी औंदा लागू पडनी." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझे आजोबाही, तोंडात द्राक्षं घेऊन.

मी तेव्हा द्राक्षंच वाढत राहिले. ओटाभर माणसं, डोक्यावर पदर.

आता माझ्या बोटांना कात्री दाबवत नाही. दसरा झाला की कात्री न्यायला तू ये, लवकर ये, नवऱ्याला विचारत बसू नकोस. सगळ्या गल्लीदेखत छाट. धार लावून ठेवते.