नखातली हळद

आमच्या बेलापूरचे विष्णुपंत डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला डॉक्टरी शिकले आणि नगर जिल्ह्यात सरकारी नोकरीला लागले. पण लोकांनी त्यांना ओळखलं ते सुइणींचे मास्तर म्हणून. त्यामागे एक दुःख होतं. तरुणपणी एकाची सडलेली जखम बांधून ते तसेच बायकोच्या बाळंतपणाला धावले. हात नुसते पाण्याखालून काढले होते. नवव्या दिवशी ती तापानं गेली. "मी घालवली तिला," असं ते सुइणींना पहिल्याच दिवशी सांगत.

अक्षरओळख नसलेल्या बायकांना जंतू कसे दाखवणार? मग त्यांनी हळद घेतली. हातांना ओली हळद चोळायची, साबणानं हात धुवायचे. नखात पिवळं दिसलं, तर खोलीत पाऊल टाकायचं नाही. पार लांबच्या खर्डा गावच्या बायकासुद्धा हे शिकायला येत. आमच्या आळीतली चांदबी त्यांच्याच हाताखालची.

१९४४ साली माझं पहिलं बाळंतपण. भर दुपारी चांदबी म्हणाली, "बाळ पायाळू हाय. डाक्टरबाबांना बोलवा."

डॉक्टर तेव्हा ऐंशीचे, डोळ्यांत मोतीबिंदू. तरी काठी टेकत आले. हळद लावून हात धुतले. चांदबी दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, हात दाखवा."

"मला सांगतेस?" ते हसले.

"नखं लई वाढल्यात. पिवळं हाय आत. कापून परत धुवायला आता येळ न्हाई."

सासूबाई कडाडल्या, "अगं, डॉक्टर आहेत ते! माझी सून तिकडं तळमळतेय आणि तू नखं कसली बघतेस?"

मी दत्तगुरूंचं नाव घेत पडले होते. वाटलं, यांच्या भांडणात माझं बाळ जाणार.

डॉक्टरांनी हात डोळ्यांजवळ नेले. त्यांना काही दिसलं नसावं. "तुला दिसतंय ना?" एवढंच म्हणाले आणि पाट मागून घेऊन उंबऱ्याबाहेर बसले.

"ओढू नकोस, चांदबी. कमरेपर्यंत आपोआप येऊ दे. कोमट फडक्यात धर. बाळाचा हात कुठाय?"

"मानेमागं गेलाय, बाबा."

"घाबरू नकोस. अंग हळूच फिरव, हात सुटेल."

चांदबीनं अंग फिरवलं, हात सुटला. मग बाळ रडलं. बाहेरून आवाज आला, "आता हिचा ताप बघ. रोज."

पुढचे दहा दिवस डॉक्टर सकाळी येत, दाराबाहेरच बसत आणि एकच विचारत, "ताप?" चांदबी म्हणे, "न्हाई." दहाव्या दिवशी ते ऐकून त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"नखं काप बाई. मला दिसत नाहीत."

चांदबी अंगणात बसून एकेक बोट धरून नखं कापू लागली. डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "यापुढं मला बोलावू नका. हिलाच बोलवा."

"आन् बोलवायचं न्हाई म्हंजे?" चांदबी मान वर न करता म्हणाली. "दाराबाहेर बसून मला सांगायचं कुनी?"