सहायक भूमिकेसाठी

टोपवाल्याची खोली रंगमंचाच्या बरोबर खाली होती. वर नाच सुरू झाला की छताचा चुना खुर्चीत बसलेल्याच्या खांद्यावर पडायचा आणि फळीवरची लाकडी डोकी थरथरायची. त्या डोक्यांवर केसांचे टोप चढवलेले असत. सोनेरी, करडे, एका म्हाताऱ्या राजाचा पांढराफेक. तोंड मात्र एकालाही नाही. टोपवाल्याला त्यांची सोबत आवडे. पण ती फार वेळ लाभत नसे, कारण प्रयोगाआधी त्याच्या खुर्चीत एकामागून एक नट येऊन बसत, आणि मान हलवायची सोय नसल्यामुळे सगळा जोर जिभेवर काढत.

शहरातल्या तिन्ही नाट्यगृहांचं काम त्याच्याकडे होतं. त्यामुळे प्रत्येक संगीत नाटकातली डोकी त्याच्या हाताखालून जात, आणि डोक्यांत जे चाललेलं असे तेही. यातूनच केव्हातरी त्याला नामांकनांचा अंदाज सांगायचा नाद लागला. संगीत नाटकांच्या अभिनय पुरस्कारांसाठी कुणाकुणाची नावं येणार, हे तो यादी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी सांगून मोकळा होई, आणि बहुतेक बरोबर निघे. नटांनी त्याला हवामानखातं म्हणायला सुरुवात केली. फरक एवढाच की याच्यावर लोक विश्वास ठेवत.

कोण चांगलं गातं, हा प्रश्न त्याच्या हिशेबात येतच नसे. "चांगलं सगळेच गातात रे," तो तोंडात पिना धरून म्हणे. "आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघायचं. तो दमलेला असतो. त्याला घरी जायचं असतं. जो मरताना गातो तो त्याच्या लक्षात राहतो. ज्याचं मागच्या वर्षी हुकलं त्याच्याबद्दल त्याला अपराधी वाटतं. संपलं."

त्याची मेहुणी, घरात सगळे तिला धाकटी म्हणत, कोरसमध्ये उभी राहून राहून आता कुठे पुढच्या ओळीत आली होती. नाटक खाणीच्या गावाचं होतं आणि ती त्यात कामगारांना जेवू घालणारी बाई करत होती. भूमिका अशी की प्रमुख म्हटली तर प्रमुख, सहायक म्हटली तर सहायक. त्याच सुमारास दूरच्या एका शाळेनं तिला संगीत शिकवायची नोकरी देऊ केली. कायमची नोकरी, राहायला दोन खोल्या, म्हातारपणाची सोय. शाळेला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं आणि नामांकनं त्यानंतर गुरुवारी जाहीर होणार होती. नाव आलं तर पुढची कामं चालून येतील. नाही आलं तर हे नाटक संपल्यावर पुन्हा कोरस, तोही मिळाला तर.

नाटक मंडळ्यांनी आपापले अर्ज महिन्याभरापूर्वीच धाडले होते. प्रत्येक नटाचं नाव प्रमुख गटात घालायचं की सहायक, हे मंडळीनंच ठरवायचं असतं. अर्ज जायच्या आदल्या रात्री धाकटी घरी जेवायला आली होती.

"भावोजी, प्रमुखमध्ये टाकायला सांगू?"

"वेडी आहेस का? तिथे यंदा चेंगराचेंगरी आहे. सहायकमध्ये टाक. मैदान मोकळं आहे."

"नक्की?"

"अगं, मी काय बाजारातला पोपट आहे का, मनाला येईल ते बोलायला?"

"अहो, तिला नादी लावू नका," बायको आतून म्हणाली. "शाळा हातची जाईल. मग गात बसा दोघं."

"ताई, तू भाजी बघ. जळली," धाकटी म्हणाली, आणि भाजी खरंच जळली होती.

शाळेच्या उत्तराला दोन दिवस उरले असताना दुसऱ्या नाट्यगृहात बाई त्याच्या खुर्चीत बसल्या. मोठ्या मानाच्या नटी. त्यांना नाव होतं, पण सगळे बाईच म्हणत, परीक्षकसुद्धा. टोपवाला त्यांच्या कपाळावर टोपाच्या जाळीची कड गोंदानं चिकटवत होता.

"तुमचं ऐकलं हो," बाई म्हणाल्या. "निर्माता तयारच नव्हता. म्हटलं, नाही, मला सहायकमध्येच घाल. हवामानखात्याचा निरोप आहे."

टोपवाल्याचा हात थांबला. आपण बाईंना हे सांगितलं होतं? असेलही. मग त्याला ती उंच मुलगी आठवली, जिला नागमोडी टोप लागतो. तिलाही त्यानं हेच सांगितलं होतं. आणि राणीचं काम करणारीला. आणि आंधळ्या आजीचं काम करणारीला. 'मान सरळ' म्हणावं तितक्या सवयीनं ते तोंडातून निघून गेलं होतं. प्रत्येकीला दिलेला सल्ला अगदी योग्य होता. बाकावर एक जागा रिकामी दिसली म्हणून त्यानं अख्खी गाडी तिथे बसवली होती.

"गोंद वाळतोय," बाई म्हणाल्या.

"हो, हो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रयोगाआधी धाकटी खुर्चीत येऊन बसली, तेव्हा टोप हातात घेऊन तो नुसताच उभा राहिला.

"काय झालं? चेहरा का पडलाय?"

"तुझं नाव येणार नाही," तो म्हणाला. आणि सगळं सांगून टाकलं.

धाकटी आरशात पाहत राहिली. मग हसली, पण ते हसणं तिच्या तोंडावर फार वेळ टिकलं नाही. "वा, भावोजी. प्रमुखमध्ये राहिले असते तर?"

"तर आलं असतं. आता तिथे कुणी उरलंच नाही."

"ताईला सांगितलंत?"

"मला अजून जगायचंय."

वर वाद्यं जुळवण्याचे आवाज सुरू झाले. धाकटी म्हणाली, "नामांकनाचं सोडा. मी काम बरं करते का?"

"परीक्षकांना कसं वाटतं की..."

"परीक्षक गेले खड्ड्यात. मी तुम्हाला विचारतेय."

तिच्या कपाळावरची केसांची रेघ त्याला डोळे मिटून काढता आली असती. कुठल्या गाण्यानंतर मानेवर किती घाम येतो तेही ठाऊक होतं. पण... "हे नाटक मी एकदाही समोरून पाहिलेलं नाही," तो म्हणाला.

"मग आज बघा," ती म्हणाली. "जागा आहेत. भरपूर."

तो मागच्या रांगेत जाऊन बसला. पहिला अर्धा वेळ जुन्या खोडीनं परीक्षकाच्या डोळ्यांनी पाहण्यात गेला. इथे जांभई येईल. इथे घड्याळ बघेल. मग दुसऱ्या अंकात खाण कोसळते, आणि ती जेवणाच्या टेबलावरून एकेक ताट उचलत गाते. रडत नाही. घाईत असल्यासारखी गाते, कामं पडली असावीत तशी. एक ताट उचलते, पुसते, आणि चुकून पुन्हा जागेवर ठेवते. खोकणारी माणसं खोकायची थांबली होती. टोपवाल्याला गुडघ्यांवर ठेवलेले आपले हात दिसले आणि ते कुणाचे आहेत ते क्षणभर उमगलं नाही.

प्रयोगानंतर ती खाली आली.

"बोला."

"टोप डाव्या कानावर सरकला होता."

"ते मला कळलं. पुढे?"

"मला मात्र ते गाणं संपल्यावरच दिसलं."

तो पिना काढू लागला.

"म्हणजे शाळेला नाही म्हणू?"

"नाव येणार नाही, हे धरून चाल. पुढे काम मिळेल की नाही, मला माहीत नाही. खरंच नाही."

"ते नव्हतं विचारलं."

"मला विचारशील तर राहा," तो म्हणाला.

सोमवारी तिनं शाळेला नकार कळवला. टोपवाल्याच्या बायकोनं त्याच दुपारपासून त्याच्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायची, पण आपटून. गुरुवारी यादी आली. सहायक गटात बाई होत्या, उंच मुलगी होती, राणी होती. प्रमुख गटात एक अशी होती की तिला स्वतःलाच आपलं नाव दोनदा वाचावं लागलं. धाकटी कुठेच नव्हती. संध्याकाळी ती सुजलेल्या डोळ्यांनी खुर्चीत बसली, रंगभूषाकाराला बरीच खटपट करावी लागली, आणि ती वेळेवर वर गेली.

त्या रविवारी बायको नाटकाला आली. अबोला होताच, म्हणून तिनं मागच्या रांगेत नवऱ्यापासून एक खुर्ची सोडून बैठक मारली आणि मधल्या खुर्चीवर पर्स ठेवली. दुसऱ्या अंकात ताटं उचलायला सुरुवात झाली तेव्हा पर्समधून रुमाल काढल्याचा आवाज आला. टोपवाल्यानं वळून पाहिलं नाही. तो समोर पाहत होता.