माझं वाक्य पुरं होईपर्यंत

मंगलाताई भिंगारदिवे यांची आणि माझी पहिली भेट तिसगावच्या शाळेत, दुसरीच्या वर्गाबाहेरच्या ओट्यावर झाली. मॅडम तालुक्यातल्या फिरत्या विशेष शिक्षिका होत्या. रोज एका गावच्या शाळेत जायच्या. आमच्या वाट्याला मंगळवार यायचा. जन्मताना माझ्या मेंदूला इजा झाली, तेव्हापासून माझी जीभ आणि उजवा हात माझं ऐकत नाहीत. वाक्य डोक्यात झटकन तयार होतं, पण तोंडातून बाहेर पडायला त्याला फार वेळ लागतो. मॅडमनी मला नाव विचारलं. मी "या" म्हणते न म्हणते तोच अम्मी म्हणाली, "यास्मिन नाव हाय तिचं. लई येळ लागतो हिला, मला इचारा."

"मी हिला विचारलंय," मॅडम म्हणाल्या, आणि पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून सोलत बसल्या. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या असत्या तर मी आणखीच अडखळले असते. पण त्यांचे डोळे शेंगांवर होते आणि कान माझ्याकडे. "यास्मिन मन्यार" एवढं माझं मी सांगून झाल्यावर त्यांनी सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

तोवर माझी वाक्यं इतरांच्या मालकीची होती. अम्मी प्रेमापोटी ती पुरी करायची, त्यामुळे नको असताना मी कितीदा तरी चहा प्यायले आहे. वर्गात तर कहरच. मी हात वर करून "प" म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "गुरुजी, तिला पानी पायजे!" मला गणिताचं उत्तर सांगायचं असायचं, पस्तीस! आणि माझी रवानगी नळावर व्हायची.

मॅडमनी मला वेगळ्या खोलीत नेऊन शिकवावं, अशी गुरुजींची सूचना होती. मॅडम म्हणाल्या, "हिच्या जिभेचं मी बघते. पण ऐकायला तर वर्गालाच शिकावं लागेल." मग त्यांनी वर्गात नियमच केला: यास्मिनचं वाक्य जो मध्येच तोडेल, त्यानं सगळ्यांसाठी शेंगा सोलायच्या. पहिल्याच मंगळवारी सापडले ते खुद्द गुरुजी. माझं अर्धं उत्तर ऐकून "बास बास, कळलं, बस खाली" म्हणाले, आणि पोरांनी एकच गिल्ला केला, "गुरुजी, शेंगा!" मॅडमनी हसू दाबत पिशवी पुढं केली. गुरुजीही दिलदार, मुकाट्यानं सोलत बसले आणि सोलता सोलता त्यांनी माझं उरलेलं उत्तर ऐकलं. ते बरोबर होतं.

मॅडम लाडावणाऱ्यांतल्या नव्हेत, हेही सांगायला हवं. ओठाला गूळ लावून जिभेनं चाटायला लावायच्या, पेन्सिलीला सायकलची ट्यूब गुंडाळून गिरवायला बसवायच्या, आणि कंटाळा केला तर अस्सा आवाज चढवायच्या! मी वाक्य अर्धवट सोडलं की विचारायच्या, "पुढचं कोण बोलणार? मी?" मला त्यांचा राग यायचा. तरी सोमवारपासून मी करंजी घाटाकडून येणाऱ्या एसटीची वाट बघायचे.

एकदा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मॅडमबरोबर आम्ही मायलेकी नगरला गेलो. काम लांबलं, तेव्हा मॅडम आम्हाला केडगावला आपल्या घरी जेवायला घेऊन गेल्या. नाताळ जवळ आला होता, करंज्या तळून झाल्या होत्या. मी काहीतरी म्हणू लागले, तर मॅडमच्या यजमानांनी अगत्यानं विचारलं, "मीठ हवंय का बाळ?" मॅडमनी शेंगांची पाटी त्यांच्यापुढं सरकवली. मी "रस्सा छान झालाय" म्हणेपर्यंत त्या भल्या माणसानं वाटीभर दाणे सोलले होते. रस्सा त्यांनीच केला होता, त्यामुळे स्वारी एकदम खूश झाली.

आज मी अब्बांचं बांगड्यांचं दुकान चालवते. माझ्याशी घासाघीस करता करता गिऱ्हाईकच थकतं, हा धंद्यातला फायदा! पण खरं सांगू? माझी शाळा संपल्यावरही मॅडम मंगळवारी दुकानात येऊन बसायच्या; त्या निवृत्त झाल्यापासून मंगळवार मला खायला उठतो. आमच्या शाळेत त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. गिऱ्हाईकं "कळलं गं" म्हणून पुढची बांगडी उचलतात. मोबाईलवर बोलून काही शोधायला गेलं, तर तो आधी "बोला" म्हणतो आणि मी पहिल्या शब्दावर असतानाच ऐकणं बंद करतो. गल्ल्याशेजारी मी शेंगांची ताटली ठेवते. लोक येता जाता खातात, सोलत कुणी बसत नाही. मॅडम, तुमची फार आठवण येते. माझ्यासमोर इतकं निवांत पुन्हा कुणी बसलंच नाही.

मॅडमच्या साठीनिमित्त होणाऱ्या समारंभाच्या संयोजकांचा मला फोन आला. "गौरव अंकासाठी लेख पाठवा, समारंभात तो आमचे निवेदक छान वाचतील. तुम्हाला त्रास नको, कार्यक्रमालाही उशीर नको." मी "मला" म्हणाले. ते म्हणाले, "मान्य ना? ठरलं मग!" आणि फोन ठेवला. ते तोडलेलं वाक्य इथं छापून घेते, म्हणजे मध्येच कुणाला थांबवता येणार नाही: मला माझा लेख मीच वाचायचा आहे. समारंभाला वेळ लागेल. खुर्च्यांवर शेंगा ठेवायची जबाबदारी माझी. नियम सगळ्यांना सारखा, संयोजकांनाही.

आणि मॅडम, तुम्ही अगदी समोर बसा. गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, ठणठणीत राहा, शंभरी ओलांडा. यात माझा स्वार्थ आहे. मला तुमच्याशी अजून खूप बोलायचंय, आणि माझा वेग तुम्हाला ठाऊक आहे.